भावजींचं बिल: व्यसनाच्या उपचारासाठी मेडिक्लेम कसा मागायचा

कॅशलेससाठी, म्हणजे विमा कंपनीने बिल थेट हॉस्पिटलला द्यावं म्हणून, हॉस्पिटलमध्ये प्री-ऑथचा, म्हणजे आगाऊ मंजुरीचा, फॉर्म भरतात. त्यात डॉक्टरांनी भरायच्या भागात जुन्या आजारांची यादी असते: मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब, दमा, कॅन्सर, आणि त्यांच्याच रांगेत ‘दारू किंवा अमली पदार्थांचं व्यसन’. त्याच पानावर आणखी एक प्रश्न असतो, इजा किंवा आजार दारूमुळे झाला आहे का, हो की नाही. पिंपरी-चिंचवडमधल्या एका हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवर मी चौदा वर्षं बसतेय. या दोन चौकोनांत टिक पडली की टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेकडून, कोणत्या शब्दांत नकार येतो, ते मला तोंडपाठ आहे. तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये माझ्याच धाकट्या दिरांचा फॉर्म समोर आला तेव्हा पेन हातातच राहिलं.

तो फॉर्म कसा भरला, पुढे किती पैसे मिळाले, किती गेले आणि कुठे चुकलं ते लिहिते. ‘मेडिक्लेम आहे ना, व्यसनमुक्ती केंद्राचं बिल कंपनी भरेल’ या भरवशावर कोणी तुम्हाला ॲडमिशन घ्यायला सांगत असेल तर घेऊ नका. आणि ‘दारूचं काहीही मिळत नाही’ असं काउंटरवरून ऐकलंत तर तेवढ्यावर परतही फिरू नका. हे दुसरं वाक्य मी स्वतः काचेच्या आतून कितीतरी नातेवाइकांना ऐकवलंय. घरात प्रसंग आला तेव्हा पहिल्यांदा कागद नीट वाचले.

आधी माणूस, मग पॉलिसी

जावेला शेजारच्या कोणीतरी सांगितलं, चार दिवस कोंडून ठेव, आपोआप सुटेल. तिने बाटल्या मोरीत ओतल्या आणि दाराला बाहेरून कडी लावली. दुसऱ्या दिवशी भावजींचे हात चहाचा कप धरता येणार नाही इतके थरथरायला लागले. रात्री फिट आली. तिसऱ्या दिवशी पहाटे ते अंगावरच्या मुंग्या झटकत होते, मुंग्या कुठेच नव्हत्या, आणि सासूबाईंना हाक मारत होते. सासूबाई २०२० मध्येच गेल्या.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि साधारण दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो. वॉर्डात त्याला ‘डीटी’ म्हणतात, म्हणजे डेलिरियम ट्रेमेन्स. यात माणूस दगावू शकतो. म्हणून दारू बंद करायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि असं काही सुरू झालं तर कॅशलेस मंजूर व्हायची वाट बघत घरी बसायचं नाही. इमर्जन्सीत ॲडमिशन आधी होते, कंपनीला मागाहून कळवतात. बहुतेक पॉलिसींत त्यासाठी २४ तासांची मुदत असते, तुमच्या कागदावर बघून घ्या.

भावजी आमच्या हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस होते, त्यातले तीन आयसीयूमध्ये. बिल १,४६,३०० रुपये. तिथून सुटल्यावर ते पस्तीस दिवस एका व्यसनमुक्ती केंद्रात राहिले, तिथले ४२,००० वेगळे. ही दोन बिलं पहिल्यापासून वेगळ्या फायलींत ठेवा. पहिल्यासाठी कंपनीशी भांडता येतं, दुसऱ्यासाठी जवळजवळ येत नाही. दोन्ही एकत्र पाठवली की दुसऱ्यावरचा शिक्का पहिल्यावरही बसतो. मी नेमकं तेच केलं. चौदा वर्षांचा अनुभव असून.

पॉलिसीत कुठे बघायचं

एजंटने दिलेलं रंगीत पत्रक बाजूला ठेवा. ‘पॉलिसी वर्डिंग’ म्हणून तीसचाळीस पानांची पीडीएफ असते, ती कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. त्यात एक्सक्लुजनचं, म्हणजे वगळलेल्या बाबींचं, प्रकरण उघडा. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये वगळण्याच्या बाबींचे शब्द सगळ्यांसाठी सारखे करून दिले आणि त्यांना क्रमांक दिले. आपल्या कामाचे दोन.

क्रमांक १२: दारू, अमली पदार्थ किंवा कोणत्याही व्यसनावरचा उपचार, आणि त्याचे परिणाम. या वाक्याचे दात शेपटीत आहेत. ‘आणि त्याचे परिणाम’ म्हणताना कंपनी लिव्हर, स्वादुपिंड, पोटात झालेलं पाणी, सगळं त्यात ओढते.

क्रमांक ५: विश्रांती, पुनर्वसन आणि तशा प्रकारची देखभाल. केंद्रातल्या मुक्कामाची वाट इथेच अडते. समुपदेशन, गटचर्चा, सकाळचा व्यायाम, डायरी लिहिणं यानेच माणूस उभा राहतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पण विम्याच्या भाषेत ते पुनर्वसन.

मग ‘हॉस्पिटल’ची व्याख्या वाचा. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान १० बेड, इतर ठिकाणी १५, चोवीस तास पात्र डॉक्टर आणि नर्सिंग, रोजच्या नोंदी आणि नोंदणी. बरीच केंद्रं यात बसत नाहीत आणि बसल्याचा दावाही करत नाहीत. शेवटी ‘मानसिक आजार’ हा शब्द शोधा: त्याला वेगळी मर्यादा लावली आहे का, किती दिवसांची प्रतीक्षा आहे.

इंग्रजी पानं अंगावर येत असतील तर ‘कस्टमर इन्फर्मेशन शीट’ मराठीत मागा. १ जानेवारी २०२४ पासून हे पत्रक सोप्या भाषेत द्यायचं आणि ग्राहकाने मागितल्यास स्थानिक भाषेत द्यायचं, असा नियम आहे. एजंट ‘तसं काही नसतं’ म्हणेल. ईमेल करा, असतं.

कायदा काय देतो

भावजींच्या प्रकरणाचा सगळा आधार एका कायद्यावर होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम २१(४) सांगतं की शारीरिक आजारासाठी ज्या पायावर विमा मिळतो त्याच पायावर मानसिक आजारासाठीही प्रत्येक विमा कंपनीने तरतूद करायची. आणि मानसिक आजार म्हणजे काय, ते कलम २(१)(एस) मध्ये आहे. विचार, मनःस्थिती, जाणीव, भान किंवा स्मृती यांत मोठा बिघाड होऊन माणसाचा निर्णय किंवा वास्तवाची ओळख हरवते ती अवस्था, आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीही त्यात येतात.

ते वाक्य मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री जावेला फोन करून ऐकवलं. ती म्हणाली, ‘ताई, मग हे बारा नंबरचं कलम कसं काय?’ तिचा प्रश्न बरोबर होता. संसदेचा कायदा एक सांगतो आणि पॉलिसीतली ओळ दुसरं, आणि त्या ओळीला नियामकाचेच शब्द आहेत. कंपनी ओळ दाखवते, आपण कायदा दाखवायचा. निकाल कोणत्या बाजूने पडेल याची हमी मी देणार नाही.

हातात आणखी दोन कागद असू द्यात. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका विमा कंपनीला सांगितलं की मानसिक आजार वगळून दावा नाकारता येत नाही. ते प्रकरण दारूचं नव्हतं, गंभीर मानसिक आजाराचं होतं, हे अर्जात लपवू नका. दुसरा, ऑक्टोबर २०२२ चा आयआरडीएआयचा आदेश: ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सगळ्या आरोग्य पॉलिसी मानसिक आरोग्य कायद्याशी जुळवून घ्या.

गोळ्यांच्या व्यसनाबद्दलही एक गोष्ट. २०१९ च्या त्याच मार्गदर्शक सूचनांत कंपन्यांना कोणत्या गोष्टी वगळता येणार नाहीत याचीही यादी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांमुळे बुद्धीवर झालेला परिणाम त्या यादीत येतो. झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनने सुरू होऊन सुटेनाशा झाल्या असतील तर जुन्या चिठ्ठ्या फेकू नका. पुसट झाल्या असल्या तरी झेरॉक्स काढून ठेवा.

डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलं जातं

आमच्या डेस्कवर अर्धी भांडणं कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता लिहिलेल्या एका ओळीवरून होतात. पेशंट बाइकवरून पडलेला असो, डेंग्यूचा असो, बायको रडत रडत सांगते, ‘खूप पितो हो डॉक्टर, वीस वर्षं झाली.’ निवासी डॉक्टर झरझर लिहितो: ‘क्रॉनिक अल्कोहोलिक, वीस वर्षं.’ लग्नाला बारा वर्षं झालेली असतात. ती वीस वर्षं मग कंपनीच्या नकारपत्रात जशीच्या तशी येतात.

खरं सांगा, पण मोजून सांगा. किती, कधीपासून, आठवड्यातून किती दिवस. आणि आजार दारूशी संबंधित नसेल, समजा लिव्हरचा त्रास हिपॅटायटिस बीमुळे किंवा जुन्या मधुमेहामुळे आहे, तर ‘कारण काय’ याचं डॉक्टरांचं वेगळं प्रमाणपत्र रिपोर्टसह ॲडमिशन चालू असतानाच घ्या. नंतर डॉक्टर बदलीवर जातात.

भावजींच्या बाबतीत उपयोगी पडली ती एक जुनी फाइल. सासूबाई गेल्यावर ते दीड वर्ष एका मानसोपचारतज्ज्ञांकडे नैराश्याच्या गोळ्या घेत होते. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. जावेला त्या चिठ्ठ्या कपाटात, दिवाळीच्या कपड्यांखाली सापडल्या. आमच्या हॉस्पिटलच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्या बघितल्या, भावजी शुद्धीवर आल्यावर दोन वेळा सविस्तर तपासलं आणि डिस्चार्ज कार्डावर दोन निदानं लिहिली: तीव्र नैराश्य, आणि दारूचं अवलंबित्व, विथड्रॉवल डेलिरियमसह. शेजारी आयसीडीचे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे, कोड. व्यसनाशी संबंधित कोड एफ १० ते एफ १९ मध्ये येतात, दारू बंद झाल्यावरचा भ्रम म्हणजे एफ १०.४. कायद्याच्या कलम ३ नुसार मानसिक आजार ठरवायचा तो आयसीडीसारख्या मान्य प्रमाणांवरच, म्हणून कोड हवाच.

व्यसनाच्या मागे नैराश्य, बायपोलर किंवा भीतीचा आजार असणं दुर्मीळ नाही. असेल तर तो तपासून, लिहून घ्या. नसेल तर मागून लिहवून घेऊ नका. ‘मॅडम, दारूचा उल्लेख काढायला सांगा ना’ अशी विनंती मला महिन्यातून दोनदा होते. त्यात डॉक्टरांची नोंदणी धोक्यात येते, आणि कंपनीने आयसीयूचे कागद मागवले की खोटेपणाच्या कारणाने फक्त हाच दावा नाही, अख्ख्या कुटुंबाची पॉलिसी जाऊ शकते. तुमच्या मुलांचंही संरक्षण त्याच पॉलिसीत असतं.

मी ते दोन्ही चौकोन टिक केले. ‘हो’ आणि ‘हो’.

कॅशलेस नाकारलं म्हणजे दावा नाकारला असं नाही

आमचं कॅशलेस नाकारलं गेलं. हे बऱ्याच जणांना कळत नाही: कॅशलेस नाकारणं म्हणजे ‘आत्ता आम्ही हॉस्पिटलला पैसे देत नाही’ एवढंच. बिल भरून नंतर रिइम्बर्समेंट मागायचा हक्क राहतो. आता २९ मे २०२४ च्या नियमांनुसार कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत. आमच्या वेळी हे नव्हतं, आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलो होतो.

रिइम्बर्समेंटच्या फाइलमध्ये मूळ बिल, त्याची दिवसवार फोड, पावत्या, डिस्चार्ज कार्ड, आयसीयू आणि वॉर्डचे चार्ट, औषधांची बिलं चिठ्ठ्यांसकट, रद्द केलेला चेक, ओळखपत्र. पंधरा किंवा तीस दिवसांची मुदत असते, उलटू देऊ नका. ॲडमिशनच्या आधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च बऱ्याच पॉलिसी धरतात, तेव्हा नंतरच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या फीच्या पावत्या आणि नाल्ट्रेक्सोनसारख्या, दारूची ओढ कमी करणाऱ्या गोळ्यांची बिलंही जमवा. आणि खोलीचं भाडं पॉलिसीच्या मर्यादेत ठेवा. मर्यादा ओलांडली तर कंपनी डॉक्टरांच्या फीसकट बाकीच्या बऱ्याच खर्चाला त्याच प्रमाणात कात्री लावू शकते. भावजींच्या बिलात हातमोजे, डायपर, नोंदणी शुल्क असले १९,००० रुपये तसेही कोणीच देणार नव्हतं.

नकारपत्रानंतर

नकार लेखीच घ्या, फोनवरचा चालत नाही. पत्रात पॉलिसीचं नेमकं कलम असलं पाहिजे. २०२४ पासून कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या संमतीशिवाय दावा नाकारताच येत नाही, तेव्हा समितीने तो बघितला का, हे तुमच्या पत्रात विचारा.

आमच्या पत्रात एकच ओळ होती, एक्सक्लुजन १२. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला भावजींच्या सहीने जे पाठवलं त्याचा गाभा असा:

‘दिनांक अमुकच्या पत्राने आपण माझा दावा एक्सक्लुजन १२ खाली नाकारला. डिस्चार्ज कार्डात तीव्र नैराश्य आणि विथड्रॉवल डेलिरियम अशी दोन निदानं आहेत. दोन्ही मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २(१)(एस) मधील व्याख्येत येतात. कलम २१(४) नुसार त्यांना शारीरिक आजाराच्याच पायावर संरक्षण देणं आपल्यावर बंधनकारक आहे. हॉस्पिटलमधील नऊ दिवसांच्या उपचारांचा दावा मंजूर करावा. केंद्रातील मुक्कामाचा खर्च मी या दाव्यातून मागे घेत आहे.’

शेवटचं वाक्य म्हणजे माझी आधीची चूक निस्तरणं होतं. उत्तर आलं, तेच कलम, जरा लांब वाक्यात.

मग विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी. कंपनीने नाकारल्यावर, किंवा तिने महिनाभर उत्तरच दिलं नाही तर, एका वर्षाच्या आत तिथे जाता येतं. फी नाही, वकील चालत नाही, आता ५० लाखांपर्यंतच्या दाव्याची तक्रार घेतात. मध्ये आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार टाकून ठेवा, किंवा १५५२५५ वर फोन करा. त्यामुळे कंपनीच्या उत्तराला तारीख लागते. लोकपालांचं आमचं कार्यालय पुण्यात नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर. गोव्याच्या आणि मुंबईच्या बऱ्याच भागांतल्या लोकांचं सांताक्रूझला.

सुनावणी ऑक्टोबरमध्ये झाली. जावेने भावजींना इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गळ्याचं बटण त्यांच्याकडून तीनदा उघडलं जात होतं. कंपनीचा अधिकारी तरुण, सभ्य होता, त्याने कलम वाचून दाखवलं. लोकपालांनी भावजींना विचारलं, ‘तुम्ही गोळ्या कशासाठी घेत होता?’ मी लिहून दिलेला कागद त्यांच्या हातात होता. तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘आई गेली साहेब. आधी गोळ्या घेतल्या. गोळ्यांना पैसे पडायचे, दारूला मित्र पाजायचे.’ खोलीत थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. पंचवीस मिनिटांत आम्ही बाहेर.

निकाल पोस्टाने आला. हॉस्पिटलच्या बिलातले ९४,००० रुपये मंजूर. लोकपालांचा निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर तुम्हाला ग्राहक आयोग मोकळा राहतो, आणि मोबदल्याची रक्कम, म्हणजे तुम्ही भरलेला हप्ता, पाच लाखांपर्यंत असेल तर तिथेही फी नाही. आम्ही थांबलो.

आता दुसरी बाजू. २०२४ च्या गणपतीत भावजी पुन्हा घसरले. पाच दिवस ॲडमिट, ५८,००० बिल. या वेळी नैराश्य आटोक्यात होतं, भ्रम झाला नव्हता, कार्डावर निदान एकच, अवलंबित्व. दावा नाकारला गेला आणि लोकपालांकडेही कंपनीचंच म्हणणं टिकलं. त्याच वर्षी आमच्या हॉस्पिटलच्या आणखी एका कुटुंबाचा दावा, कागद आमच्यासारखेच असून, फेटाळला गेला. म्हणून सांगते, हे पैसे आले तर बरं अशा हिशोबानेच धरा. उपचाराचं बजेट त्यांच्यावाचून बसवा.

कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर

आधी ती बघा. नोकरी देणारी कंपनी जास्त हप्ता भरून एखादी वगळलेली बाब आत घेऊ शकते, आणि काही ठिकाणी ‘कॉर्पोरेट बफर’ म्हणून वेगळी रक्कम ठेवलेली असते. भावजींच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये यातलं काहीच नव्हतं. पण एचआरला विचारायचं म्हणजे व्यसन उघडं करायचं, ही भीती खरी आहे. ‘मानसिक आजार आणि एक्सक्लुजन १२ बाबत आपल्या पॉलिसीची एंडॉर्समेंट (पॉलिसीला जोडलेला बदलाचा कागद) पाठवता का’ एवढंच विचारा, कोणासाठी ते सांगायची गरज नाही. दावा केल्यावर मात्र कोणी किती दिवस ॲडमिट होतं याचे तक्ते ब्रोकरमार्फत एचआरपर्यंत जातात, हे धरून चाला.

नवी पॉलिसी घेताना

प्रपोजल फॉर्मवर दारूचा प्रश्न असतो. एजंट म्हणतो, ‘अधूनमधून लिहा.’ ते ‘अधूनमधून’ पुढे तुमच्याच विरोधात उभं राहतं. आधीपासूनच्या आजारासाठी आता जास्तीत जास्त ३६ महिने थांबावं लागतं, आणि सलग ६० महिने पॉलिसी चालली की ‘तुम्ही सांगितलं नव्हतं’ या कारणाने, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, दावा नाकारता येत नाही. एक्सक्लुजन १२ मात्र साठ महिन्यांनंतरही तिथेच असतं. यात लोक गल्लत करतात.

केंद्र निवडताना

विमा नसला तरी हे विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात, फिट आली तर कुठे नेता, नातेवाइकांना कधी भेटता येतं. ‘गाडी पाठवतो, उचलून आणतो’ म्हणणाऱ्या ठिकाणी फोन ठेवून द्या. माणसाला साखळीने बांधणं या कायद्याने बंद आहे, आणि प्रौढ माणसाच्या मर्जीविरुद्ध दाखल करायची वेगळी, मुदतीची प्रक्रिया कायद्यात दिली आहे. ‘आमच्याकडे मेडिक्लेम चालतो’ अशी जाहिरात दिसली तर कोणत्या निदानाखाली चालतो ते विचारा. उत्तरात ‘आम्ही बघतो ना’ आलं, तर दुसऱ्या कोणत्यातरी आजाराच्या नावाने तुमची सही घेतली जाणार आहे असं समजा.

पैसेच नसतील तर पुण्यात येरवड्याचं मुक्तांगण आहे. १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीने ते सुरू केलं. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी केंद्रं वेगळी, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे मानसोपचार विभाग वेगळे. ससूनच्या ओपीडीत रांग मोठी, खर्च थोडा. तुमच्या जिल्ह्यात काय आहे ते १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. मन खचलं असेल, पेशंटचं किंवा तुमचं, तर १४४१६ टेली-मानस. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या गटाच्या सभांना पैसे लागत नाहीत आणि घरच्यांसाठी अल-अनॉनच्या वेगळ्या सभा असतात. जाऊ दर गुरुवारी जाते. भावजींपेक्षा तिलाच त्याचा जास्त उपयोग झाला असं मला वाटतं, तिला हे सांगितलेलं नाही.

हे दोन्ही नंबर मी काउंटरच्या काचेवर आतून चिकटवलेत, बाहेरून वाचता येतील असे. त्यांच्या वर तिसरा, लाल पेनाने: १०८. फिट आली, भ्रम सुरू झाला, तर फाइल, कलम, चौकोन सगळं ठेवून आधी तो लावा.